दिंडीच्या जुन्या चित्रफिती : काय सुधारायचं, काय नाही

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात चांदूर रेल्वे येथे झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

मी कीर्तनकार नाही, प्रवचनकार तर नाहीच नाही. स्टेशनाकडच्या रस्त्यावर माझं फोटो-व्हिडिओचं दुकान. आता ते पोरगा पाहते. तालुक्यातली कितीतरी लग्नं मी शूट केली आणि २००२ पासून दिंडीसोबत कॅमेरा खांद्यावर घेऊन चालत आलो. परवा अध्यक्ष महाराज म्हणाले, "तू त्या जुन्या सीड्याईचं काय करून रायला, ते लोकाईले सांग." म्हणून उभा आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

२०२० ची आषाढी सगळ्यांना आठवते. १ जुलैला एकादशी होती. मानाच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. पायी वारी नाही. आपली पताका विठ्ठल मंदिराच्या खांबाला टेकून उभी होती आणि आपण आपापल्या घरात. पाय तर ऐकत नव्हते. मग त्या दिवशी मी माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढली. पेटीत ३१ सीड्या, नऊ छोट्या टेपा, चार बंद पडलेले मोबाइल आणि डबीत ठेवलेलं एक मेमरी कार्ड. म्हटलं, यंदा वारी घरीच पाहू.

३१ पैकी १२ सीड्या लागल्याच नाहीत. काही लागल्या, पण कारंज्याच्या मुक्कामापर्यंत चालत आणि पुढं चौकोन चौकोन होऊन थांबत. पोरगा म्हणाला, बाबा फेकून द्या. त्या दिवशी फेकल्या असत्या तर आज मी इथं बोलायला उभा नसतो.

आधी हे समजून घ्या की जुनी चित्रफीत अंधूक का दिसते. चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. ठिपके जास्त, तर रांगोळी बारीक. आजच्या साध्या फुल एचडी टीव्हीवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे २० लाखांच्या वर. २००७ सालच्या साध्या कॅमेऱ्याच्या मोबाइलवर थ्री-जीपी नावाची फाइल व्हायची. ती आडवी १७६ ठिपके आणि उभी १४४. एकूण २५ हजार ३४४. आता ही एवढीशी रांगोळी टीव्हीच्या अंगणात पसरवायची, तर एका ठिपक्यानं ८० च्या वर ठिपक्यांची जागा भरायची. एका मुठीच्या पिठात सगळ्या पंगतीच्या भाकरी थापायला सांगितल्यासारखं.

सीडीचं प्रकरण वेगळं आहे. त्यात थोडा दोष माझाही आहे, तो कबूल करतो. आम्ही शूट करायचो मिनी-डीव्ही टेपवर. त्या टेपवर ७२० बाय ५७६ ठिपके असायचे. चित्र चांगलं यायचं. पण गावात कुणाकडं ती टेप चालवायचं यंत्र नव्हतं. सगळ्यांकडं व्हीसीडी प्लेअर. म्हणून टेपवरून व्हीसीडी बनवून द्यायचो. व्हीसीडीवर ३५२ बाय २८८. म्हणजे चार ठिपक्यांतला एक ठेवायचा आणि तीन सोडायचे. वर सीडीत तासा-सव्वा तासाचं मावावं म्हणून आणखी दाबून बसवायचं. आणि टेप? टेप महाग. तीच टेप पुढच्या लग्नाला परत वापरायची. २००३ ची आपली वारी मी चांगली दोन तास शूट केली होती. दिवाळीनंतर लग्नसराई लागली आणि त्या दोन्ही टेपांवर मी लग्नं चढवली. ज्या घरची लग्नं ती माणसं खूश आहेत, पण २००३ ची वारी आता फक्त त्या व्हीसीडीवर उरली. ज्या नऊ टेपा वाचल्या त्या मी शहाणा होतो म्हणून नाही. त्यांची वेष्टणं फुटली होती, म्हणून त्या परत वापरता आल्या नाहीत, इतकंच.

त्या नऊ टेपा संगणकात घ्यायला कॅमेरा जुनाच लागतो, वायर जुनी लागते आणि ती वायर जिथं खोचायची ते भोक नव्या संगणकाला नसते. अमरावतीहून एक जुना संगणक आणला. टेप तासाची असेल तर घ्यायलाही तासच लागतो, आणि तासाला सुमारे १३ जीबी जागा. घाई चालत नाही. टेप फिरत असते आणि आपण माळ ओढत बसायचं.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

त्या मेमरी कार्डात ४१ सेकंदांची एक क्लिप निघाली. २००७ ची वारी, परभणीच्या पुढचा मुक्काम, रात्रीचं भजन. भाच्यानं मोबाइलवर काढलेली. त्यात आमचे बाबा आहेत. बाबा इथं बसलेल्या पुष्कळांना माहीत आहेत, ते मृदंग वाजवायचे. ती त्यांची शेवटची वारी. आमच्या घरात त्यांचा हलता-बोलता पुरावा एवढाच, ४१ सेकंद. मीच वारीत दरवर्षी कॅमेरा घेऊन असायचो, पण बापाकडं कधी कॅमेरा वळवला नाही. घरचंच माणूस आहे म्हणून. विणेकरी काढले, महाराज काढले, पालखी काढली, आमदार आले तर तेही काढले.

क्लिपमधला बाबांचा चेहरा मी मोजला. १४ ठिपके रुंद, १८ ठिपके उंच. सगळे मिळून २५२ ठिपके. एवढ्यात माझे बाबा.

मग काय, इंटरनेटवरून एक सॉफ्टवेअर घेतलं. नाव सांगत नाही, अशी पुष्कळ आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालतात. त्यात क्लिप टाकली, रात्रभर संगणक गरम झाला आणि सकाळी चित्र पाहतो तर लख्ख! पापण्यांचे केस दिसताहेत, शर्टाची शिवण दिसते. मला तर रडू आलं. मायला हाक मारली. म्हटलं, माय ये, बाबा पाय.

मायनं चष्मा पुसला. दोनदा पाहिलं. आणि म्हणाली, "हे कोनाचे दात लावले रे त्याईले?"

बाबांचे समोरचे दोन दात पडलेले होते. सॉफ्टवेअरनं अख्खी बत्तिशी बसवली होती. मग मी नीट पाहायला लागलो. कपाळावरच्या बुक्क्याचा काळा ठिपका डाग समजून पुसून टाकला होता. गोपीचंदनाच्या रेघांच्या आठ्या केल्या होत्या. गळ्यातल्या तुळशीच्या माळेची त्यानं सोनसाखळी केली होती! अहो, ज्या माणसानं जन्मात अंगावर गुंजभर सोनं घातलं नाही, त्याला मेल्यावर तेरा वर्षांनी साखळी. माय म्हणाली, "हा तं कोन्या दुसऱ्याचा बाप दिसते." आणि उठून गेली.

यात सॉफ्टवेअरची काही बदमाशी नाही. त्याचं काम कसं चालते ते सांगतो. त्यानं लाखो चेहरे पाहिलेले असतात. आपण २५२ ठिपके दिले, की ते म्हणते, असे ठिपके असले म्हणजे तिथं बहुतेक असा चेहरा असते. आणि तसा काढून मोकळं होते. ते आपल्या बाबांना ओळखत नाही. तुळशीची माळ त्यानं किती पाहिली असंल? सोनसाखळ्या जास्त पाहिल्या, म्हणून सोनसाखळी काढली. जे फितीत नाहीच ते फितीतून निघत नाही. ते दुसरीकडून आणून चिकटवलेलं असते.

आपल्या संप्रदायाला हा प्रश्न नवा नाही, हे मला तेव्हा लक्षात आलं. शके १५०६ मध्ये नाथ महाराजांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली. माउलींनंतर तीनशे वर्षं पोथ्या हातानं उतरवल्या जात होत्या. कुठं ओवी गळाली, कुठं शब्द बदलला, कुठं कुणी आपल्या पदरची ओवी घुसडली. नाथांनी काय केलं? पोथ्या जमवल्या, एकमेकींशी ताडून पाहिल्या, आणि पाठ शुद्ध केला. नाथ महाराज स्वतः केवढे कवी! भागवत लिहिणारा माणूस. गळालेल्या जागी त्यांना सुंदर ओवी बसवता आली नसती काय? पण त्यांनी आपली भर घातली नाही. उलट शेवटी बजावून ठेवलं की यात कुणी स्वतःची ओवी घालील, तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखं होईल. मी स्टुडिओवाला माणूस, पण मला वाटलं, हे माझ्यासाठीच लिहून ठेवलं आहे. बाबांच्या तोंडात मी नरोटीच ठेवली होती.

आणि नाथांची रीत चित्रफितीलाही लागू पडते, ही गंमत पाहा. एका सेकंदात १५ चित्रं असतात. मोबाइल हातात हलतो, म्हणून प्रत्येक चित्रात ठिपके जरा जरा सरकलेले असतात. एका चित्रात माळेचा मणी दोन ठिपक्यांच्या मध्ये सापडून नाहीसा होते, पुढच्या चित्रात तोच मणी बरोबर ठिपक्यावर येते. पंधरा चित्रं म्हणजे एकाच पोथीच्या पंधरा प्रती समजा. त्या एकीवर एक बसवून ताडून पाहिल्या, तर एकीत नाही ते दुसरीत सापडते. हलणारे खोटे दाणे, म्हणजे ज्याला आम्ही नॉइज म्हणतो, ते प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी असतात, म्हणून ते निघून जातात. खरं ते सगळ्यांत असते, म्हणून ते राहते. असं करणारी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. चेहरा त्यानं लख्ख होत नाही, दुप्पट मोठा करून नीट पाहता येईल एवढा होते. पण जेवढा होते तेवढा आपल्याच माणसाचा असते.

तसंच करून ती क्लिप मी मायला पुन्हा दाखवली. चित्र धुरकटच होतं. बाबा मान खाली घालून वाजवताहेत, मग सम आली की मान वर करतात आणि डावीकडं पाहतात. माय म्हणाली, "हं. हे व्हय." चेहऱ्यावरून नाही, मान वर करण्यावरून तिनं ओळखलं. १४ ठिपक्यांत मान मावते, दात मावत नाहीत.

आवाजाचं सांगायचं राहिलं. मोबाइलच्या त्या क्लिपांतला आवाज फोनवर बोलण्यासाठी केलेल्या पद्धतीनं दाबलेला असते. माणसाचं बोलणं समजावं एवढंच त्यात ठेवतात. मृदंगाच्या धुम्याचा खालचा घुमारा जाते, टाळाचा वरचा झणत्कार जाते, आणि उरते ते कढईत मोहरी तडतडावी तसं. हे साफ करता करता उरलंसुरलंही जाते, म्हणून मी त्याला जास्त हात लावला नाही. पण नशिबानं त्याच रात्रीच्या भजनाची ऑडिओ कॅसेट एका टाळकरी माउलींकडं निघाली. टेपरेकॉर्डर विण्याजवळ ठेवलेला. कॅसेट कधी जरा हळू फिरते, कधी जरा जोरात, म्हणून चित्राशी जुळवणं अवघड. जुळवलं ते टाळावरून. चित्रात टाळ मिटलेला दिसतो, कॅसेटवर टाळ वाजलेला ऐकू येतो, ते दोन एकावर एक बसवायचे. सिनेमावाले शूटिंगच्या आधी पाटी वाजवतात ती याचसाठी. ४१ सेकंदांना मला चार रात्री लागल्या. आणि सुरुवातीला पाटी टाकली : 'चित्र मोबाइलवरचे, आवाज त्याच रात्रीच्या कॅसेटवरून जोडला आहे.' ही पाटी फार महत्त्वाची. नाही तर पन्नास वर्षांनी कुणाला कळणार, काय मूळचं आणि काय मी जोडलेलं?

खराब आवाजाला कमी समजू नका. आपल्याच जिल्ह्यातले शेंडगावचे गाडगेबाबा. ८ नोव्हेंबर १९५६ ला त्यांनी मुंबईला बांद्र्याच्या पोलीस ठाण्यात कीर्तन केलं, ते कुणीतरी टेपवर घेतलं. पुढं २० डिसेंबरला वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. मधे फक्त ४२ दिवस. ज्या माणसानं स्वतःचं देऊळ होऊ दिलं नाही, त्याचा आवाज आज आपण ऐकतो तो त्या टेपमुळं. बाबा प्रश्न विचारतात आणि लोक उत्तर देतात, हे पुस्तकात वाचून कळत नाही. तो आवाज कुणी यंत्रातून काढून गोड केला, तर तुम्ही ऐकाल काय?

आणि मोठ्या संस्थांच्या फितीही जातात. पुण्याला १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ चा, व्हेनिसला गौरवला गेलेला, आपल्या आजोबांनी बैलगाड्या जुंपून पाहिलेला. तो आज पाहायला मिळते, कारण कुणीतरी फिती सांभाळल्या. त्याच पुण्यात २००३ साली फितींच्या कोठाराला आग लागून किती जुने सिनेमे जळाले. माझ्या दोन टेपा त्याच वर्षी गेल्या, आग न लागता.

पुढं मी दिंडीच्या सगळ्याच सीड्या काढल्या. रेघोट्या पडलेली सीडी मऊ फडक्यानं मधून बाहेर सरळ पुसायची, गोल नाही. एका यंत्रात लागली नाही तर दुसऱ्यात लावायची. पाच ड्राइव्ह मी गोळा केले होते, आणि एकात न लागणारी सीडी दुसऱ्यात मुकाट चालायची. १२ पैकी आठ अशा निघाल्या. चार गेल्या. त्या चारांवर मीच हौसेनं वरच्या बाजूनं बॉलपेननं दाबून 'आषाढी वारी' लिहिलं होतं. सीडीचा चकचकीत थर त्या नावाच्या बाजूलाच अगदी वर असतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. टेपांवरच्या फितींत पताका हलली की कडेला फणीसारखे दात दिसायचे. तेव्हाचे कॅमेरे एक आड एक ओळी काढायचे, जुन्या डब्यासारख्या टीव्हीवर ते चालून जायचं, नव्यावर उघडं पडते. ते दात मात्र काढायलाच पाहिजेत, ते खोटे आहेत. आणि एक विनंती : जुनं चौकोनी चित्र नव्या लांब टीव्हीवर ताणू नका. सगळी दिंडी पंधरा दिवस उपाशी चालली आणि टीव्हीवर सगळे जाडे दिसतात.

मागच्या कार्तिकात हे सगळं मंदिरात पडद्यावर लावलं. मला वाटलं अर्धा तास लोक पाहतील. रात्रीचा एक वाजला. चित्र पाहायचं सोडून माणसं ओळखायचंच काम चाललं. "थांबव, थांबव, ते हंडा घेतलेली कोन?" "ते तं कुऱ्ह्याची मावशी, तिची ते पयली वारी." एका माउलींनी तर चेहरा दिसत नसताना नुसत्या लुगड्यावरून सासू ओळखली. पोरं वहीत लिहून घेत होती. त्या रात्री ६३ नावं मिळाली. लिहून देणाऱ्यांपैकी दोघी या वर्षी आपल्यात नाहीत. नावं ठिपक्यांत नसतात, मायबाप. ती तुमच्याजवळ आहेत आणि आत्ताच सांगितली पाहिजेत.

त्याच रात्री मी काही दृश्यं वगळलीही. चंद्रभागेवर बायामाणसं आंघोळ करतात, दवाखान्याच्या तंबूत कुणी कण्हत पडलेलं आहे, अशी. मूळ फितीत ती आहेत, मी पुसली नाहीत. पण पडद्यावर आणायची नाहीत. तेव्हा कॅमेरा वळवताना मला अक्कल नव्हती, आता तरी असावी.

या शताब्दीच्या फिल्मवरून आमच्यात थोडा वादही झाला, लपवत नाही. तरुण मंडळींचं म्हणणं, एवढा मोठा एलईडीचा पडदा आणला, त्यावर धुरकट चित्र बरं दिसत नाही, लोक हसतील, चेहरे लख्ख करून टाका. त्यांची हौस मला समजते. मीही एक सकाळ लख्ख बाबा पाहून रडलो होतो. शेवटी असं ठरलं की जुनी चित्रं मोठ्या पडद्याच्या मधोमध लहानच दाखवायची, भोवती काळी चौकट आणि खाली वर्ष, मुक्काम, ओळख पटलेली नावं. काल तुम्ही पाहिलं ते तसंच होतं. मागं बसलेल्यांना नीट दिसलं नाही, ही तक्रार आली आहे. ती मान्य आहे. परवा पुन्हा दाखवू तेव्हा म्हाताऱ्या माणसांना पुढं बसवू.

आता कामाचं. तुमच्या घरी ज्या सीड्या, टेपा, जुने मोबाइल, कार्डं असतील, ते फेकू नका आणि स्वतः 'सुधारू'ही नका. आधी जशी आहे तशी नक्कल काढायची आणि त्या नकलेला कधी हात लावायचा नाही. जे काय करायचं ते दुसऱ्या नकलेवर. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून लहान होते, म्हणून मला पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नकला तीन ठेवा. दोन वेगवेगळ्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी, लेकीकडं म्हणा. पेन ड्राइव्ह देव्हाऱ्यात ठेवून दहा वर्षांनी उघडाल तर रिकामा निघू शकते. वर्षातून एकदा लावून पाहावं, आषाढीलाच पाहावं म्हणजे विसरत नाही.

मंडपाच्या डाव्या हाताला, पादत्राणांच्या शेजारी, आम्ही टेबल लावलं आहे. सप्ताहाच्या काल्यापर्यंत माझा पोरगा आणि शाळेतली दोन पोरं तिथं बसतील. वस्तू आणा, तिथंच नक्कल काढून तुमची वस्तू तुमच्या हातात परत. पैसे नाहीत. सोबत घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस आणा, नावं सांगायला. आणि २००३ च्या वारीत आणखी कुणाजवळ कॅमेरा असंल, हिंगोलीच्या पुढं पाऊस लागला होता तेव्हाचं काही असंल, तर मला आजच भेटा.

राम कृष्ण हरी!